पडदा बोलू लागला तेव्हा : ‘आलम आरा’चे पहिले प्रेक्षक (धागा)

१/
शनिवार, १४ मार्च १९३१. गिरगावातील मॅजेस्टिक सिनेमापुढे इतकी गर्दी लोटली की ती आवरण्यासाठी पोलिसांना पाचारण करावे लागले. चित्रपट होता ‘आलम आरा’. हिंदुस्थानी भाषेत बोलणारा, गाणारा हा पहिला पूर्ण लांबीचा भारतीय चित्रपट. या धाग्यात चित्रपटाविषयी थोडे आणि तो पाहणाऱ्यांविषयी अधिक बोलायचे आहे. तसे करण्याला कारण आहे. ते विसाव्या भागात येईल.

२/
आधी काळाची चौकट. ५ मार्च १९३१ रोजी गांधी-आयर्विन करार झाला. २३ मार्चला लाहोरच्या तुरुंगात भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना फाशी झाली. या दोन तारखांच्या बरोबर मध्यावर, करारानंतर नऊ दिवसांनी आणि फाशीच्या नऊ दिवस आधी, ‘आलम आरा’ झळकला. चित्रपट आठ आठवडे चालला. म्हणजे ज्या शहरात संताप आणि शोक रस्त्यावर होता, त्याच शहरात लोक एका काल्पनिक राज्याची कथा ऐकायला तिकिटासाठी झगडत होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीने दुसरी खोटी ठरत नाही.

३/
‘पहिला प्रेक्षक’ म्हटले की एक आख्यायिका हमखास पुढे येते : पडद्यावर आगगाडी आली आणि लोक घाबरून पळत सुटले. पॅरिसमधील ल्युमिएर बंधूंच्या खेळांविषयी ही कथा जगभर सांगितली जाते. तिला समकालीन पुरावा फारसा नाही, असे आता अनेक चित्रपट-इतिहासकार मानतात. तरीही ती टिकून राहिली, कारण पूर्वीचे लोक आपल्यापेक्षा भोळे होते ही कल्पना आपल्याला सुखावते. हा मोह टाळूनच पुढे जाऊ.

४/
मुंबईत चलत्‌चित्रे प्रथम दिसली ती ७ जुलै १८९६ रोजी, वॉटसन हॉटेलात. ल्युमिएर बंधूंचे प्रतिनिधी मारियुस सेस्तिए यांनी सहा लघुपट दाखवले. तिकीट एक रुपया. हा खेळ प्रामुख्याने युरोपीय आणि सुखवस्तू वर्गासाठी होता. पण आठवडाभरातच खेळ नॉव्हेल्टी थिएटरात हलले, तिथे स्वस्त दराची आसने आली आणि पडदानशीन स्त्रियांसाठी राखीव जागांची सोयही झाली. सिनेमा हॉटेलातून शहरात उतरायला फार दिवस लागले नाहीत.

५/
आणि हे शहर पडद्याला अगदीच नवखे नव्हते. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन १८९०च्या दशकाच्या आरंभापासून ‘शांभरिक खरोलिका’चे खेळ करत होते. काचेवर रंगवलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर टाकायची, सोबतीला निवेदन आणि संगीत. पौराणिक प्रसंग अंधारात उजळताना पाहणे, शेजारी कोणीतरी कथा सांगत असणे, हा अनुभव मराठी प्रेक्षकाच्या गाठीशी आधीच होता. त्याही मागे पिंगुळीच्या चित्रकथीची परंपरा होती. पडदा नवा असला तरी पाहण्याची सवय जुनी होती.

६/
एका प्रेक्षकाचा पहिला अनुभव मात्र नोंदलेला आहे, कारण त्या प्रेक्षकाने तो पुढे स्वतः लिहून ठेवला. १९१०-११च्या सुमारास धुंडिराज गोविंद फाळके यांनी गिरगावात ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर येशू चालत असताना आपल्या मनःचक्षूंपुढे राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या दिसत होती, अशा आशयाचे त्यांनी लिहिले आहे. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनाही त्यांनी हा चित्रपट दाखवला. पुढे त्यांच्या चित्रपटांच्या निर्मितीत सरस्वतीबाईंचे श्रम मोठे होते.

७/
३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली होती. चार वर्षांनी ‘लंकादहन’मध्ये तेच राम झाले आणि तेच सीताही. पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक पायताणे काढून ठेवत, असे सांगतात. याला भोळेपणा म्हणावे का? कीर्तनातही कथेकरी हा देव नव्हे हे श्रोत्यांना ठाऊक असते, तरी हात जोडले जातातच.

८/
या चित्रपटांना आपण ‘मूकपट’ म्हणतो. चित्रपटगृह मात्र मूक नसे. पडद्याजवळ पेटी-तबला वाजत असे. दृश्यांच्या मध्ये मजकुराच्या पाट्या येत, कधी दोन-तीन भाषांत. १९३१च्या जनगणनेनुसार देशात साक्षरांचे प्रमाण दहा टक्क्यांहूनही कमी होते. म्हणजे पाट्या बहुतेकांच्या कामाच्या नव्हत्या. मग ज्याला वाचता येई तो शेजाऱ्यासाठी मोठ्याने वाचत असे, आणि काही ठिकाणी पडद्यापाशी उभे राहून कथा समजावून सांगणारा माणूसच नेमलेला असे. पाट्या पडल्या की सभागृहभर वाचनाची कुजबुज उठे.

९/
यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. मूकपटाला मातृभाषा नव्हती. पाट्या बदलल्या की कोल्हापुरात तयार झालेला चित्रपट मद्रासमध्ये चाले, कलकत्त्यात तयार झालेला लाहोरमध्ये. मूकपटाच्या काळात ‘मराठी चित्रपट’, ‘हिंदी चित्रपट’ ही विभागणी आजच्या अर्थाने अस्तित्वातच नव्हती. आपण ज्याला बॉलिवूड म्हणतो (हा शब्द कितीतरी नंतरचा) त्याची मुळे शोधायची तर कॅमेऱ्यापेक्षा ध्वनीकडे जावे लागते. ‘बॉलिवूडचा चित्रपट पहिल्यांदा पाहिला’ असे ज्यांच्याविषयी म्हणता येईल, ते मॅजेस्टिकपुढे उभे असलेले लोक होते.

१०/
त्या मॅजेस्टिकच्या भागीदारांपैकी एक अब्दुलअली युसुफअली. यांची कथा स्वतंत्र धाग्याच्या योग्यतेची आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते तंबू घेऊन आग्नेय आशियात आणि पुढे भारतभर सिनेमाचे खेळ करत फिरले. तंबू शंभर फूट लांब, पन्नास फूट रुंद, माणसे मावत सुमारे हजार. १९१४ मध्ये ते मुंबईत स्थिरावले, आर्देशिर इराणी यांच्याशी भागीदारी केली, आधी अलेक्झांड्रा आणि मग मॅजेस्टिक. तंबूतल्या आणि पक्क्या चित्रपटगृहातल्या, अशा दोन्ही प्रेक्षकांना ओळखणारा हा माणूस होता.

११/
आर्देशिर इराणी हे इंपीरियल फिल्म कंपनीचे प्रमुख. भारतात १९२९ मध्ये कलकत्त्याच्या एल्फिन्स्टन पिक्चर पॅलेसमध्ये परदेशी बोलपट दाखवला गेला होता. त्यानंतर मुंबईच्या एक्सेलसियरमध्ये इराणींनी ‘शो बोट’ पाहिला आणि भारतीय बोलपटाचा ध्यास घेतला. कथा निवडली जोसेफ डेव्हिड यांच्या पारशी रंगभूमीवरील नाटकाची : राजाच्या दोन राण्या, एका फकिराचे भाकीत, तुरुंगात टाकलेला सेनापती, भटक्या लोकांत वाढलेली त्याची मुलगी आलम आरा. रंगभूमीच्या प्रेक्षकाला यातले काहीच अपरिचित नव्हते.

१२/
काम कसे चालले ते पाहा. ‘टॅनार’ यंत्रणेत चित्र आणि ध्वनी एकाच वेळी एकाच फिल्मवर मुद्रित होत. आवाज नंतर भरण्याची सोय नाही. स्टुडिओजवळून रेल्वेमार्ग जाई, त्यामुळे गाड्या थांबल्यावर मध्यरात्रीनंतरच चित्रण करावे लागे. मायक्रोफोन कॅमेऱ्याला दिसणार नाहीत अशा जागी लपवलेले, वादक चौकटीबाहेर. चूक झाली की सारे पुन्हा. अमेरिकन तंत्रज्ञाकडून प्राथमिक धडे घेऊन इराणी आणि रुस्तम भरुचा यांनी ध्वनिमुद्रण स्वतःच केले. गाणी सात.

१३/
नायक होते मास्टर विठ्ठल. मराठी रंगभूमीवर बालनट म्हणून सुरुवात केलेले, मूकपटांतील तलवारबाजीने गाजलेले. दुसऱ्या कंपनीशी असलेला करार मोडून ते इंपीरियलकडे आले, प्रकरण न्यायालयात गेले आणि त्यांची बाजू बॅरिस्टर मोहम्मद अली जीना यांनी मांडली. खटला जिंकला, पण जिभेने घात केला. त्यांचे हिंदुस्थानी उच्चार पडद्याला मानवेनात. तेव्हा भूमिकेलाच अर्धबेशुद्धीत ठेवून संवाद कमी करण्यात आले, असे सांगतात. पहिल्या बोलपटाचा नायक बोलण्यातच अडला. काळ बदलल्याची खूण याहून नेमकी कोणती असेल!

१४/
आता पुन्हा मॅजेस्टिकच्या दाराशी. चार आण्यांचे तिकीट बाहेर चार ते पाच रुपयांना विकले जात होते. रुपयाचे सोळा आणे, म्हणजे मूळ किमतीच्या सोळा ते वीस पट. साध्या कामगाराच्या दिवसाच्या मजुरीपेक्षा ही रक्कम मोठी. भारतीय चित्रपटाचा काळाबाजार बोलपटाच्या पहिल्याच दिवशी वयात आला होता. त्या काळी रांग लावण्याची पद्धतच रूढ नव्हती, अशी आठवण युसुफअलींनी पुढे सांगितली. खिडकीपर्यंत पोहोचणे हा अंगबळाचा विषय होता.

१५/
इथे थांबून एक प्रश्न विचारायला हवा. त्या लोटालोटीत कोण आत जाऊ शकले असेल? ज्याच्या अंगात बळ किंवा खिशात पाच रुपये, तो. वृद्ध, स्त्रिया, लहान मुले यांतील कितीजण त्या पहिल्या दिवशी खिडकीपर्यंत पोहोचले असतील याचा विचार करा. ‘मुंबईने आलम आरा पाहिला’ हे वाक्य लिहायला सोपे आहे. पण ‘मुंबई’ या शब्दात कोणकोण मोजायचे हे ठरवल्याशिवाय ते इतिहासाचे वाक्य होत नाही.

१६/
आत काय ऐकू आले? पृथ्वीराज कपूर यांचा आवाज. झुबेदा यांचा आवाज. फकिराच्या भूमिकेत वझीर मोहम्मद खान यांनी गायलेले, मोजक्या वाद्यांच्या साथीचे गाणे. हे हिंदी चित्रपटातील पहिले गाणे मानले जाते. गिरगावच्या प्रेक्षकाला नाटकातल्या पात्राने मध्येच गाऊ लागण्याचे नवल नव्हते. संगीत नाटकाने त्याचे कान तयार केले होते. नवल होते ते वेगळे : गायक समोर नाही, वादक समोर नाहीत, आणि तरी आवाज ओठांशी जुळतो आहे.

१७/
सर्वांत मोठा लाभ झाला तो न वाचता येणाऱ्यांना. पाटी वाचणाऱ्या शेजाऱ्यावर अवलंबून राहण्याची गरज संपली. चार आण्यांच्या बाकावरचा माणूस आणि वरच्या वर्गातला साक्षर यांना तेच वाक्य त्याच क्षणी कळू लागले. दहातील नऊ लोक निरक्षर असलेल्या देशात ही लहान गोष्ट नव्हती. चित्रपट या देशाचे इतके मोठे लोकमाध्यम का झाला, याच्या उत्तराचा एक भाग इथे आहे.

१८/
पण लाभाबरोबर हानीही झाली. पडद्याजवळ पेटी-तबला वाजवणाऱ्यांचे काम गेले. कथा समजावणाऱ्याची गरज संपली. मूकपटांची सर्वांत लोकप्रिय तारका सुलोचना (रुबी मायर्स) हिला भाषा शिकण्यासाठी काही काळ थांबावे लागले, आणि त्यानंतरच ती बोलपटांत परतली. प्रत्येकाला असे परतता आले नाही. आणि ज्याला हिंदुस्थानी कळत नव्हते, तो प्रेक्षक प्रथमच ‘बाहेरचा’ ठरला.

१९/
उद्योगाने यावर लगेच उपाय शोधला. त्याच वर्षी, त्याच इंपीरियल कंपनीने ‘कालिदास’ काढला, त्यात तमिळ आणि तेलुगू संवाद होते. १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला, मराठीत आणि हिंदीत स्वतंत्रपणे चित्रित केलेला. कथा पुन्हा हरिश्चंद्राचीच, पण या वेळी तारामती झाल्या दुर्गा खोटे. १९१३ मध्ये ही भूमिका करायला स्त्री मिळाली नव्हती. एकोणीस वर्षांचे अंतर या एका पात्रनिवडीत मोजता येते. भाषावार चित्रपटसृष्टी उभी राहिली ती अशी.

२०/
आता सुरुवातीला सांगितलेले कारण. ‘आलम आरा’ आज कोणीही पाहू शकत नाही. त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. गाण्यांच्या ध्वनिमुद्रिकाही तेव्हा निघाल्या नाहीत. उरली ती काही छायाचित्रे, जाहिराती आणि आठवणी. ज्या चित्रपटाचे सारे महत्त्व त्याच्या आवाजात होते, त्याचा आवाजच शिल्लक नाही. म्हणून त्याचा इतिहास लिहायचा तर तो पाहणाऱ्यांकडूनच लिहावा लागतो.

२१/
२००३ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म्सना आग लागली, तीत ‘आलम आरा’ जळाला, असे वारंवार वाचायला मिळते. संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर यांनी हे स्पष्टपणे नाकारले होते : तो चित्रपट संग्रहालयाच्या हाती कधी आलाच नव्हता. चांदी काढून घेण्यासाठी उरलेली रिळे मोडीत काढली गेल्याचे इराणी कुटुंबातून आपल्याला समजले, असे त्यांनी सांगितले आहे. जुन्या फिल्मच्या थरात चांदी असे. चित्रपटापेक्षा चांदीला भाव होता. आगीची कथा नाट्यमय आहे, पण खरी कथा भंगाराची आहे. भारतातील सुमारे तेराशे मूकपटांपैकी तिसाहून कमी, तेही बहुतांशी तुकड्यांत, उरले आहेत.

२२/
मग प्रेक्षकांचे म्हणणे कुठे सापडेल? १९२७-२८ मध्ये टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखालील समितीने देशभर फिरून सिनेमाविषयी ३५३ साक्षी नोंदवल्या. अभ्यासकांसाठी हा मोठा ठेवा आहे. पण साक्षीदार पाहिले तर ते मुख्यतः अधिकारी, चित्रपटगृहांचे मालक, संपादक, शिक्षक. चार आण्यांच्या बाकावर बसणाऱ्यांविषयी त्या पानांत भरपूर मते आहेत, त्यांची स्वतःची वाक्ये मात्र दुर्मीळ. ज्यांच्यासाठी आवाज आला, त्यांचाच आवाज दप्तरात नाही.

२३/
शिवाय ‘पहिल्यांदा’ या शब्दाला एकच तारीख नसते. बोलपटाची यंत्रे महाग होती, त्यामुळे मूकपट १९३४ पर्यंत निघत राहिले. लहान गावांत पडदा बोलू लागला तो मुंबईनंतर काही वर्षांनी. महाराष्ट्राच्या खेड्यांत तर अनेकांनी पहिला चित्रपट पाहिला तो जत्रेतल्या टुरिंग टॉकीजमध्ये, तंबूत, जमिनीवर बसून, जनरेटरच्या धडधडीत. ही परंपरा एकविसाव्या शतकापर्यंत चालली. तिच्यावरील ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात गौरवला गेला. १४ मार्च १९३१ ही मुंबईची तारीख. प्रत्येक गावाची वेगळी, प्रत्येक घराची वेगळी.

२४/
१९३१ च्या त्या प्रेक्षकांना आता विचारता येणार नाही. पण तंबूत, तालुक्याच्या टॉकीजमध्ये पहिला हिंदी चित्रपट पाहिलेली पिढी अजून आपल्या घरांत आहे. आजी-आजोबांना विचारा : कोणता चित्रपट, कोणते गाव, सोबत कोण होते? तिकीट किती, पैसे कोणी दिले? बायका कुठे बसत, कोणाला आत घेत नसत? हिंदी कळत होते का? नसेल तर कथा कोणी समजावली? घरी परत कसे आलात?

२५/
‘कसा वाटला?’ हा प्रश्न शेवटी विचारा. आधी विचारला तर ‘छान होता’ एवढेच उत्तर मिळते. जागा, पैसे, सोबत, वाट यांविषयी विचारले की माणूस हळूहळू त्या अंधारात परत जातो आणि मग बोलू लागतो. फोनवर ध्वनिमुद्रण करा, त्यांची परवानगी घेऊन. तारीख, गाव आणि सांगणाऱ्याचे वय लिहून ठेवा. वर्ष आठवत नसेल तर त्या वर्षी आणखी काय घडले ते विचारा : दुष्काळ, निवडणूक, कोणाचे लग्न.

२६/
मॅजेस्टिक सिनेमा आता नाही. त्या जागी त्याच नावाचे शॉपिंग सेंटर आहे. चित्रपट नाही, चित्रपटगृह नाही, आणि आत बसलेल्या हजारोंपैकी जवळजवळ कोणाचेही म्हणणे आपल्यापाशी नाही. १९३१ पुरते हे नुकसान भरून निघणार नाही. त्यानंतरच्या दशकांपुरते मात्र अजून बरेच काही आपल्या हातात आहे. तुमच्या घरातील पहिल्या चित्रपटाची हकीकत खाली लिहा. गाव आणि अंदाजे साल लिहायला विसरू नका. (समाप्त)